म्हैस बरी झाली, पण घशात कोण बसलंय?

प्रश्न: डॉक्टर, गंगावेशच्या कट्ट्यावर आमच्या म्हशी असत्यात. एकीला पावसाळ्यात लाळ्या-खुरकूत झालतं, आता ठणठणीत हाय, दूधबी देतीया. पोरगं मायक्रोबायॉलॉजी शिकतंय, ते म्हणतंय व्हायरस अजून घशात असंल, आणि हे बघायला लॅबमध्ये जनावरांना मुद्दाम रोग लावत्यात. आजारी जनावरं गावात मिळत असताना मुद्दाम कशाला? (एक म्हैसवाले, कोल्हापूर)

उत्तर: पोरगं बरोबर बोलतंय हो. लाळ थांबली, खुरं भरली, तरी मऊ टाळूच्या वरच्या अंगाला व्हायरस ठाण मांडून बसू शकतो. २८ दिवसांनंतरही घशातल्या द्रवात जिवंत व्हायरस सापडला की ते जनावर कॅरियर, म्हणजे बरं दिसूनही व्हायरस वाहणारं. गाईत ३.५ वर्षांपर्यंत सापडलाय, आफ्रिकेतल्या जंगली म्हशीत ५ वर्षांपर्यंत, डुकरात मात्र टिकत नाही. नमुना घ्यायला लांब दांड्याची वाटी घशात घालून खरवडतात, त्यावेळी म्हैस कशी बघते ते विचारू नका.

आता मुद्दाम का, तर तुमच्या म्हशीला कुठल्या दिवशी लागण झाली आणि आत नेमका कसला व्हायरस गेला हे तुम्हाला सांगता येईल का? हा आरएनए व्हायरस, म्हणजे ज्याचा जनुकीय मजकूर डीएनएऐवजी आरएनएत असतो, तो स्वतःची कॉपी काढताना चुका करतो आणि त्या सुधारत नाही, त्यामुळं एकाच म्हशीच्या घशात तो बदलत जातो. रतीबाच्या वहीचं पहिलं पानच फाटलं असेल तर हिशोब लागायचा कसा? बंदिस्त लॅबमध्ये ते पहिलं पान असतं, म्हणजे तारीख ठाऊक, सुरुवातीच्या व्हायरसचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचलेला, मग पुढचा प्रत्येक नमुना त्याच्याशी ताडायचा.

असंच पहिलं पान हाती असलेला उंदरातला एक प्रयोग मला अजून भारी वाटतो. एलसीएमव्ही या उंदरांच्या व्हायरसचा आर्मस्ट्राँग नावाचा स्ट्रेन (वाण) वयात आलेल्या उंदराला टोचला तर आठवडाभरात साफ होतो. पण जन्मतःच लागण झालेल्या उंदरांत तो राहिला, बदलला, आणि त्यांच्या प्लीहेतून काढलेला, क्लोन १३ नावाचा बदललेला व्हायरस वयात आलेल्या उंदरांतही महिनोन्महिने टिकला, हे १९८४ चं काम. मूळ स्ट्रेन आणि क्लोन १३ यांच्या प्रथिनांत फरक बघाल तर अगदी मोजका! लढून लढून टी पेशी, म्हणजे व्हायरसशी झुंजणाऱ्या शरीरातल्या पेशी, दमतात हेही याच उंदरांत नीट कळलं. अर्थात उंदराचा घसा म्हणजे म्हशीचा नव्हे, म्हणून लाळ्या-खुरकुतासाठी शेवटी गुरंच लागतात.

तुमची म्हैस विकायची घाई नको. कॅरियर गाईपासून शेजारच्या जनावराला लागण झाल्याचं प्रयोगात क्वचितच दिसलंय. दर सहा महिन्यांची लस तेवढी चुकवू नका, पण लस घेतलेलं जनावरही कॅरियर होतं बरं का, तेव्हा पोराशी पैज लावू नका.