कॉम्पाद्रे: बाप्तिस्म्यातून जुळणारे सोयरेपण

आपण विचारले आहे की, रक्ताचा संबंध नसताना धर्मपिता (बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी, होताना मुलाच्या श्रद्धेची हमी घेणारा) आणि त्या मुलाची विधवा आई यांच्या विवाहाला चर्चने मनाई का केली, आणि मेक्सिकोत मुलाच्या धर्मपित्याला वडील ‘कॉम्पाद्रे’ (सह-पिता) म्हणून इतका मान का देतात. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. बाप्तिस्म्याने मूल आणि धर्मपिता यांच्याप्रमाणेच आईवडील आणि धर्मपिता यांचेही नाते जुळत असे, आणि व्यवहारात हे दुसरे नातेच अधिक वजनदार ठरले.

आरंभी असे नव्हते. धर्मविचारक संत ऑगस्टीनच्या काळी (इ. स. ४०० च्या सुमारास) आईवडील स्वतःच अर्भकाला बाप्तिस्म्यासाठी आणत. पुढे, देहाला जन्म देणारे आणि आत्म्याच्या जन्माला जामीन राहणारे वेगळे असावेत, ही धारणा बळावली. इ. स. ५३० मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने धर्मपिता व धर्मकन्या यांचा विवाह निषिद्ध ठरवला. आपण म्हणता ती मनाई ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेची असून, आध्यात्मिक नाते देहाच्या नात्याहून थोर आहे, असे कारण तिने स्पष्ट दिले आहे. ८१३ मध्ये जर्मनीतील माइन्झच्या धर्मपरिषदेने आईवडिलांना स्वतःच्या मुलाचे धर्मपालक (धर्मपिता किंवा धर्ममाता) होण्यास बंदी केली आणि त्यामुळे प्रत्येक बाप्तिस्मा ही दुसऱ्या कोणाला तरी आपलेसे करण्याची संधी झाली.

इटलीतील अनेक नगरांत व्यापारी आणि शेजारी यांच्याशी संबंध पक्के करण्यासाठी एका मुलाला अनेक धर्मपालक घेतले जात. त्यातून निषिद्ध विवाहांचे जाळे इतके पसरले की, नकळत असा विवाह केलेल्या जोडप्यांपुढे पापात राहणे किंवा लोकापवाद पत्करून विभक्त होणे, एवढेच मार्ग उरत. म्हणून १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने एकच धर्मपालक किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री, अशी मर्यादा घातली आणि त्यांची नावे नोंदवहीत लिहिण्याचा आदेश दिला. (आज या नात्यांचा अभ्यास शक्य होतो, तो बव्हंशी याच नोंदवह्यांमुळे.) धर्मपालकांची संख्या अशी कमी झाल्यावर मात्र बरोबरीच्या शेजाऱ्याऐवजी वजनदार आश्रयदाता निवडण्याकडे कल वाढला.

स्पॅनिश अमेरिकेत हे नाते विलक्षण रुजले. शेतमजूर आपल्या बरोबरीच्या माणसाला कॉम्पाद्रे करून अडीअडचणीची सोय लावून ठेवी, किंवा जमीनदाराला कॉम्पाद्रे करून संरक्षण मिळवी. मेक्सिकोतील कित्येक गावांत, पूर्वी एकमेकांना ‘तू’ म्हणणारे मित्र कॉम्पाद्रे झाल्यावर ‘आपण’ म्हणू लागत. या संबोधनबदलातच नात्याचे गांभीर्य मला सर्वाधिक जाणवते. पोर्तुगीजांबरोबर हाच शब्द गोव्यात आला आणि कोंकणीत ‘कुंपार’ झाला.

कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेने (कायदेसंग्रहाने) धर्मपिता आणि आईवडील यांच्यातील विवाहाचा अडथळा काढून टाकला आणि १९८३ च्या संहितेने धर्मपिता व धर्मकन्या यांच्यातीलही. तरीही मेक्सिकोत कॉम्पाद्रेचा मान टिकून राहिला, कारण तो संहितेपेक्षा गावकऱ्यांच्या परस्परांवरील भरवशावर उभा होता.