आधी गिऱ्हाईक, मग महोत्सव

प्रिय पोरी,

देशी वाणांचा आणि जुन्या पदार्थांचा महोत्सव नागपुरात भरवायचा तुझा बेत वाचला. यादी झकास आहे. पण वडाभात, पाटोडी, जवसाची चटणी हे सगळं महाल-इतवारीत आजही होतं. प्रश्न त्यामागच्या बियाण्याचा आहे. संकरित मिरचीची तर्री आणि भिवापूरच्या जुन्या देशी मिरचीची तर्री, दोन्ही लालच दिसतात. खाणाऱ्याने फरक ओळखून चार पैसे जास्त मोजले नाहीत, तर भिवापूरचा शेतकरी जुनं वाण लावेल कशाला? ‘ही मिरची याच भागातली’ असं सांगणाऱ्या नुसत्या भौगोलिक मानांकनाने त्याचं घर चालत नाही.

म्हणून मिरचीची रोपं टाकायच्या आधीच भिवापूरला जा. इतके किलो, या भावाने घेते, असं ठरव आणि थोडी उचल दे. बियाणं त्याच्या घरचंच राहू दे. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने ते राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क त्याला आहे. हे मोठ्या अक्षरांत स्टॉलवर लाव.

लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, मात्र जपून. भंडाऱ्याकडे धान कापणीआधी उभ्या बांधीत तिचं बी फेकतात. उरलेल्या ओलीवर ती येते, वेगळं पाणी लागत नाही. पण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली की तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडत, म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. आपल्या नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी त्या बंदीविरुद्ध मोठा लढा दिला. वाद वाचून तुझं मत तू बनव; पण ताटात वाढायची असेल, तर आजचा नियम अन्न व औषध प्रशासनाकडून लेखी घे. तोवर नुसते दाणे मांड.

आणि गवळाऊ गाय फोटोपुरती आणू नकोस. डीजेच्या गोंगाटात बांधलेलं जनावर बिथरतं, मला तर ते बघवत नाही. या जातीची खरी ओळख तिच्या चपळ बैलांची. मराठ्यांच्या काळात वेगाने वाहतूक व्हायची ती त्यांच्याच जोरावर. ट्रॅक्टर आले, बैलांचं काम गेलं. गाईला दूध बेताचं, मग जर्सीचा संकर सुरू झाला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंज्याकडच्या नंद गवळ्यांनी ही जात राखली आहे. त्यांचं तूप रोख पैसे देऊन घे. नागपुरी म्हशीचंही तसंच. तिची तलवारीसारखी शिंगं बघायला गर्दी लोटेल, पण ४५ अंशांच्या उन्हात तग धरणाऱ्या त्या म्हशीचं दूध डेअरीत बाकीच्यांबरोबर एकाच कॅनमध्ये ओततात. ते वेगळं विकणारा एखादा गवळी गाठ.

ताटाचा भाव तू १५० रुपये धरला आहेस. भिवापुरी तिखट आणि गवळाऊचं तूप घातल्यावर तो परवडायचा नाही. हिशोब नव्याने मांड आणि रविवारी संध्याकाळी घेऊन ये, मी घरीच आहे.

तुझा,
काका