दात घासायला नको म्हणणारा मुलगा

मंगळवार पेठेतील एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली, ती त्याच्या हट्टीपणावर उपाय विचारायला. "मॅडम, दात घासायचं म्हटलं की घर डोक्यावर घेतंय पोरगं. मारून झालं, समजावून झालं," असे ती म्हणाली. जेवायला तास लावतो, आईस्क्रीम नको म्हणतो, वर्गाच्या फोटोत तोंड मिटून उभा राहतो, हे तिने ओघात सांगितले. माझे लक्ष मात्र तिथेच अडले, कारण आईस्क्रीम नाकारणारे मूल हट्टी असण्यापेक्षा त्याला काही दुखत असण्याची शक्यता अधिक असते.

मुलाशी एकट्याने बोलताना मी माठातले पाणी पुढे केले. त्याने मान तिरपी करून ते एकाच गालाने प्यायले. "गार लागलं की कळ येते," तो म्हणाला. घरी सांगितलेस का, असे विचारल्यावर उत्तर आले, "आई म्हणते, नाटकं करू नको."

मी त्यांना बालदंतरोगतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले ते मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशनचे. या विकाराला हे नाव 2001 मध्ये सुचवले गेले. यात सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढांवरचे, आणि अनेकदा पुढच्या दातांवरचेही, इनॅमल (दाताचे वरचे कठीण आवरण) मुळातच कच्चे तयार होते. त्यावर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग दिसतात, चावताना टवके उडतात आणि गार पाणीच काय, ब्रशही झोंबतो. दुखते म्हणून घासायचे टाळले की कीड लवकर लागते. या दाढा दुधाचा दात न पडता मागच्या बाजूला उगवतात, त्यामुळे "दुधाचेच आहेत, पडतील" असे समजून पालक थांबून राहतात. या घरातही तसेच झाले होते.

"म्हणजे माझंच चुकलं?" हा आईचा पुढचा प्रश्न होता. गरोदरपणात दूध नीट प्यायली नाहीस, असे सासूबाईंनी ऐकवलेच होते. या दातांचे इनॅमल मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत घडते. तान्हेपणीच्या तापाच्या आजारांशी या विकाराचा संबंध आढळतो, पण एकच एक कारण ठरलेले नाही, हे मी सासूबाईंना बोलावून त्यांच्यासमोरच सांगितले. मुलगा तान्हा असताना तापाने दोनदा दवाखान्यात राहिला होता, हे त्यांनाच आठवले.

अशा दाढांत भूल देऊनही कधीकधी नीट बधिरता येत नाही, म्हणून उपचाराआधी आम्ही एक खूण ठरवली: हात वर केला की डॉक्टर थांबतील. ते खरोखर थांबले, म्हणूनच तो दुसऱ्यांदा खुर्चीत बसला. दोन दाढांना स्टीलच्या टोप्या बसल्या, बाकीच्यांवर फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा संरक्षक लेप, लावला. घरी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि कोमट पाणी सुरू झाले.

वर्गात "पिवळ्या" म्हणून चिडवणाऱ्यांना तो आता स्टीलची दाढ दाखवतो. पुढच्या दातांवरचे डाग अजून आहेत आणि फोटोत तो अजूनही तोंड मिटतो. त्यावर आमचे बोलणे चालू आहे. सकाळी बंबातले तांब्याभर पाणी मात्र वडील त्याच्यासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवतात.