सातपुड्यापलीकडे आवाज पोचवायचा तर: एचएफ रेडिओची प्रश्नोत्तरे

उपग्रह असताना सैन्य अजून एचएफ का बाळगतं? (माजी सैनिक, धुळे)

कारण मध्ये कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. एचएफच्या (हाय फ्रिक्वेन्सी), म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लहरी आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला चढवला, त्याच दिवशी केए-सॅट उपग्रहसेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्यात बंद पडले. एचएफला असं मधलं दुकानच नसतं.

भाऊ, माझ्याकडे हॅम (हौशी रेडिओ) परवाना आहे. धुळ्याहून 14 मेगाहर्ट्झवर दिल्ली खणखणीत येते, पण धडगावच्या मित्राशी काही केल्या जमत नाही. पॉवर वाढवू का?

अजिबात नको. जमिनीलगतची लहर डोंगरात लवकर विरते आणि आकाशातून परतणारी कित्येकशे किलोमीटर पुढे पडते. धडगाव नेमकं मधल्या मुक्या पट्ट्यात सापडतं. दिवसा 7 मेगाहर्ट्झवर या, रात्री 3.5 वर. 7 साठी मधल्या जोडणीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर अँटेनाची तार घ्या आणि दोन कडुनिंबांमध्ये चार-पाच मीटर उंचीवर आडवी बांधा. तार जितकी उंच तितकी चांगली, हा समज इथे नडतो. तार खाली असली की लहर जवळपास सरळ वर जाते आणि सरळ खाली येते, त्यामुळे सातपुडा आडवा येतच नाही. लष्करी गाडीवरची अँटेनाची लवचीक काठी वाकवून आडवी बांधतात, ती याचसाठी. दोघांनीही तारा अशाच बांधा. पावसाळ्यात अक्राणीचा, म्हणजे धडगाव भागाचा, रस्ता आणि मोबाइल एकदम बंद पडले, तर हीच तार कामाला येईल.

एकच फ्रिक्वेन्सी दिवसरात्र का चालत नाही? (एनसीसी कॅडेट, चाळीसगाव)

छान विचारलंस. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, म्हणून वर जावं लागतं. सूर्य मावळला की तो थर विरतो. वरचा एफ थरही विरळ होतो, मग जास्त फ्रिक्वेन्सी त्याला भेदून अवकाशात निघून जाते. म्हणून दिवसाचा आणि रात्रीचा चॅनल वेगळा ठरवतात. आता लष्करी संच चॅनल तपासून चालणारा स्वतःच निवडतात, तरी हे डोक्यात पक्कं हवं.

शत्रू ऐकणार नाही का? (भुसावळ)

ऐकणारच. सांकेतिक भाषेने मजकूर झाकला जातो, जागा नाही. लहर कुठल्या दिशेने येते हे दाखवणारा दिशाशोधक दोन-तीन ठिकाणांहून रेघा मारून ती काढतो. म्हणून थोडक्यात बोलायचं, पुरेल तेवढीच पॉवर वापरायची आणि जागा बदलायची. हॅम मंडळींना मात्र सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे.

हॅम परवाना कुणाला मिळतो?

वय 12 पूर्ण हवं आणि दूरसंचार विभागाची परीक्षा पास व्हायला हवी.