मोरचूद, टर्क्वाइज आणि सीमाशुल्काचा कोड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगोला) : डाळिंबावर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आयात करून विकायचा आहे. एक सीएचए (सीमाशुल्काचं काम बघणारा दलाल) २८३३ कोड सांगतो, दुसरा ३८०८. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही कोड खरे आहेत (२८३३ सल्फेटांचा, ३८०८ तयार कीटकनाशक-बुरशीनाशकांचा), माल कुठल्या रूपात बंदरावर उतरतो त्यावर निवड ठरते. २५ किलोच्या गोण्यांत किंवा जंबो बॅगेत नुसता मोरचूद आला तर २८३३ २५ ००. तोच मोरचूद एक-एक किलोच्या पाकिटांत, वर ‘बुरशीनाशक’, पिकाचं नाव आणि मात्रा छापून आला तर ३८०८ ९२. किरकोळ विक्रीसाठी बांधलेला माल ३८०८ मध्येच टाकायचा, असं टॅरिफच्या (सीमाशुल्काच्या दरसूचीच्या) सहाव्या विभागाची टीप २ सांगते. इथे आणल्यावर तुम्ही पाकिटं करणार असाल तर आयातीचा कोड त्याने बदलत नाही.

चुना मिसळलेली तयार बोर्डो पावडर मात्र कुठल्याही पॅकिंगमध्ये ३८०८ मध्येच जाते. २८वं प्रकरण सुट्या, ठरावीक रचनेच्या संयुगांसाठी आहे. त्यात स्फटिकातलं पाणी चालतं, थोडी अशुद्धी चालते, पाण्यातलं द्रावणही चालतं. दुसरं औषध किंवा भरणी मिसळली की चालत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइडचंही तसंच : टेक्निकल (काही न मिसळलेलं मूळ औषध) २८२७ ४१ मध्ये, पण ५० टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी ३८०८ ९२ मध्ये.

कोडपेक्षा जास्त अडचण परवान्याची होते. मोरचूद कीटकनाशक कायदा, १९६८ च्या अनुसूचीत आहे. फवारणीसाठी आणायचा तर केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीची कलम ९ खालची नोंदणी लागते; इतर कामासाठी आणायचा तर त्याच समितीचा आयात परवाना. हा कागद माल जहाजात चढण्याआधी हातात हवा. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरल्यावर अर्ज केला तर डिमरेजच (माल अडकून राहिल्याचं भाडं) नफा खाऊन टाकतं.

प्रश्न (पंढरपूर) : पुरवठादाराने बिलावर ‘सूक्ष्म अन्नद्रव्य खत, ३१०५’ लिहिलं आहे. मोरचूद खतात धरता येईल ना?

उत्तर : नाही. ३१व्या प्रकरणाच्या टीप ६ प्रमाणे ‘इतर खतां’मध्ये नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी एक तरी मुख्य घटक हवा. मोरचुदात तिन्ही नाहीत. खत नियंत्रण आदेशात त्याचं नाव असलं तरी सीमाशुल्काचा कोड २८३३ २५ ००च राहतो. बिल पुरवठादाराकडून आधीच दुरुस्त करून घ्या. बिल ऑफ एंट्रीतला (आयातदार सीमाशुल्काला देतो त्या नोंदपत्रातला) कोड ही सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ नुसार आयातदाराची स्वतःची आकारणी असते, त्यामुळे चूक त्याची असली तरी नोटीस तुम्हाला येते.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी) : टॉवेलसाठी टर्क्वाइज (हिरवट निळा) रंग मागवतो. त्यात तांबं आहे म्हणून तो तांब्याच्या संयुगात जाईल का?

उत्तर : जाणार नाही. रिॲक्टिव्ह ब्लू २१ सारखे टर्क्वाइज रंग कॉपर थॅलोसायनिनपासून बनतात, पण ते सेंद्रिय रंग आहेत : ३२०४ १६. छपाईच्या पेस्टमधलं न विरघळणारं निळं पिगमेंट ३२०४ १७ मध्ये. टॉवेल निर्यात करत असाल तर तांब्याचा दुसरा हिशेब आधी बघा. ओको-टेक्स १०० या कापडाच्या सुरक्षा-प्रमाणपत्रात कापडातून निघू शकणाऱ्या तांब्याची मर्यादा बाळांच्या मालाला किलोमागे २५ मिलिग्रॅम आणि बाकीच्यांना ५० आहे. गडद टर्क्वाइजला सोपिंग (रंगवल्यावरची साबणाची धुलाई) कमी पडलं की न चिकटलेला रंग धाग्यात राहतो आणि नमुना इथेच नापास होतो.

प्रश्न (चिंचोळी एमआयडीसी) : किंमत कमी वाटते म्हणून आमच्या मोरचुदाची आकारणी अडवली आहे. काय करावं?

उत्तर : अधिकारी काय हिशेब करतात तो आधी स्वतः करा. पाच पाणी (स्फटिकात पाण्याचे पाच रेणू) असलेल्या मोरचुदात तांबं २५.४५ टक्के असतं. ९८ टक्के शुद्ध माल धरला तर टनामागे साधारण २४९ किलो. समजा लंडन मेटल एक्स्चेंजवर तांबं ९,००० डॉलर टन आहे; म्हणजे नुसतं तांबंच २,२४० डॉलरच्या आसपास. बिल १,६०० चं असेल तर प्रश्न विचारला जाणारच. भंगारातून किंवा वापरून झालेल्या द्रावणातून बनवलेला माल खरोखर स्वस्त पडतो, पण मग त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम किती, याचा अहवाल जोडा. करार, बँकेतून गेलेली रक्कम आणि उत्पादकाचा दर द्या. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ च्या नियम १२ प्रमाणे शंकेची कारणं लेखी मागता येतात, जरूर मागा. तोवर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १८ खाली बाँड (हमीपत्र) देऊन तात्पुरती आकारणी करून घ्या आणि माल सोडवा.

प्रश्न (बार्शी) : उन्हाळ्यात गोदामात ठेवलेल्या मोरचुदाचा तपासणी अहवाल १०० टक्क्यांच्या वर आला. भेसळ का?

उत्तर : भेसळ नसावी. कोरड्या, तापलेल्या हवेत स्फटिक पाणी सोडतात, वरून पांढुरके होतात, आणि पाच पाण्याच्या हिशेबाने आकडा शंभरच्या पुढे जातो. गोणीला आतून प्लास्टिकचं अस्तर हवं आणि तोंड घट्ट बांधलेलं हवं. निर्यातीला देण्याआधी नमुना गोणीच्या मधून काढा. जहाजाच्या कागदांवर यूएन ३०७७ (पर्यावरणाला घातक घन पदार्थाचा क्रमांक), वर्ग ९, सागरी प्रदूषक ही नोंद लागते.