बुकशेल्फ स्पीकरला 24 इंची स्टँड घ्यावेत की 28 इंची?

आधी टेप घ्या आणि स्वतःचा कान जमिनीपासून किती उंच येतो ते मोजा. धुळ्यातल्या 12 बाय 15च्या खोलीसाठी 24 इंची घेऊ की 28 इंची, असं विचारलंत, पण गाणी ऐकताना बसता कशावर ते लिहिलं नाहीत. खरा प्रश्न तोच आहे.

मी इथेच फसलो. सोफ्यावर बसून मापं घेतली आणि 28 इंची जोडी मागवली. पण जळगावच्या उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर सोफ्यावर बसतो कोण? फरशीवर गादी, पाठीला लोड. कान 76 सेंटीमीटरवर, ट्वीटर (बारीक, तार सूर वाजवणारा छोटा भोंगा) पार डोक्याच्या वर. गाणाऱ्याचा आवाज पोकळ यायला लागला. ट्वीटर आणि वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा भोंगा) एकाखाली एक बसवलेले असतात. कान वर-खाली झाला की दोघांपासूनची अंतरं सारखी बदलत नाहीत, आणि ज्या पट्टीत दोघं मिळून वाजतात (बहुतेक वेळा 2-3 किलोहर्ट्झच्या आसपास) तिथे ते एकमेकांचा आवाज खातात. डावी-उजवीकडे सरकलात तर एवढं बिघडत नाही.

म्हणून ट्वीटर कानाच्या उंचीवर यायला हवा. हिशेब सोपा आहे. कानाच्या उंचीतून स्पीकरच्या बुडापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा, उरेल ती स्टँडची उंची. माझं 76 वजा 23, म्हणजे 53 सेंटीमीटर, जेमतेम 21 इंच. तयार जोडीत हे माप मिळेना, म्हणून सरळ वेल्डिंगवाल्याकडे गेलो. 4 इंची चौकोनी पाइप, खाली 30 बाय 30 सेंटीमीटरची 6 मिलिमीटर जाड प्लेट (ती एकटीच सव्वाचार किलो भरते), वर स्पीकरच्या बुडापेक्षा किंचित लहान प्लेट. कागदावरचं चित्र बघून तो म्हणाला, "भाऊ, हाई काय शे?" कुंडीचा स्टँड समजला होता.

पोकळ पाइप टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, म्हणून त्यात वाळू भरायची. गिरणेची वाळू चाळली आणि दोन दिवस गच्चीवर वाळवली. ओली भरलीत तर पाइप आतून गंजेल. एका पाइपात साताठ किलो मावली. तोंड नीट बंद करा, नाहीतर घरभर वाळू होते (घरच्यांची बोलणी खाल्ली आहेत). स्पीकर आणि प्लेटच्या मध्ये रबराचे चार तुकडे ठेवले की पुरे. त्यासाठी हजारो रुपयांच्या चकत्या घेऊ नका. कुलर चालू असताना तो फरक कुणाला ऐकू येणार?

स्टँडखाली स्पाइक (टोकदार पाय) लावणार असाल तर त्यांची उंचीही हिशेबात धरा. फरशीवर ते घसरतात आणि ओरखडे पाडतात, म्हणून प्रत्येकाखाली एकेक नाणं ठेवा.

तुमच्या स्पीकरला मागच्या बाजूने पोर्ट (हवा आत-बाहेर करणारं भोक) असेल, तर स्टँड भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा. भिंतीला चिकटवलेत तर ढोलकीचा नुसता घुमारा येतो.