नाचणी बंद करू का?

प्रश्न : वडिलांना हार्ट अटॅक आला. 'पेशींत कॅल्शियम शिरून स्नायू मेला,' असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं दूध-नाचणी बंद करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको! रक्तातलं कॅल्शियम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी सांभाळतात. वाटीभर आंबिलीने हृदयाची पेशी मरत नाही.

बिघडतं ते वेगळंच. पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असतं. ते बाहेर ठेवायला पेशीच्या आवरणातले सूक्ष्म पंप अहोरात्र राबतात आणि त्यांना एटीपी, म्हणजे ऊर्जा लागते. रक्तपुरवठा तुटला की एटीपी संपतं, पंप थकतात, कॅल्शियम आत घुसतं. मग एरवी शांत असलेली विकरं (एन्झाइम्स) जागी होतात: काही प्रथिनं तोडतात, काही पेशीचं आवरणच. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, तीही कॅल्शियम ओढून घेतात, फुगतात, आणि तिथून पेशी सहसा परतत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. निरोगी हृदयस्नायूवर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, समान अंतरावरच्या रेषा दिसतात. अशा मेलेल्या तंतूवर मात्र जाड, गडद गुलाबी आडवे पट्टे असतात: कॅल्शियमने आवळलेला आणि पुन्हा सैल न झालेला स्नायू. अशी स्लाइड आली की आजही माझा हात थांबतो. हे पट्टे बहुधा रक्त परत सुरू झालेल्या भागात दिसतात, कारण रक्ताबरोबर कॅल्शियमही येतं. तरीही रक्तवाहिनी लवकर उघडणंच योग्य. त्याने वाचणारा स्नायू कितीतरी जास्त असतो.

कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, तर तेवढ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.